लाल गाडीची गोधडी

दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काल सकाळी काजळीचे ठिपके दिसले आणि कळलं, गळिताचा हंगाम सुरू झाला. साखर कारखान्याची चिमणी आमच्या गच्चीवरून दिसत नाही, पण तिथं चिपाडं जळू लागली की काळी भुकटी वाऱ्याबरोबर आमच्या कोल्हार गावभर पडते. लोक वैतागतात, धुणं पुन्हा भिजवतात. मी मात्र त्या ठिपक्यावर बोट फिरवते आणि मला बरं वाटतं. माझ्या वयाच्या बाईला अशा वेळी देव आठवावा, नातवंडं आठवावीत. मला एक लाल गाडी आठवते, आणि तिच्या मालकाचं आमच्या अंगणात पडलेलं तोंड.

मोठ्या दुष्काळाच्या आधीचा हंगाम होता तो. उसाच्या ट्रॉल्या आता गाणी लावून जातात, खिडक्यांची तावदानं थरथरतात. तेव्हा बैलगाड्या जायच्या. पहाटे अंथरुणात असतानाच घुंगूरमाळांचा आवाज यायचा, एक गाडी लांब गेली की दुसरी जवळ आलेली असायची. प्रवरेवरचं धुकं, त्यात मिसळलेला मळीचा आंबूस वास, वाटेवर सांडलेलं उसाचं पाचट, आणि या सगळ्याच्या वर तो छन् छन् आवाज. चार-पाच महिने तो गावाच्या कानात असायचा आणि हंगाम संपला की एकदम थांबायचा. मग आठवडाभर सगळ्यांना चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं. या आवाजाबद्दल एवढं सांगतेय त्याला कारण आहे.

मनमाड रस्त्याला लागून आमचं दुकान होतं, मागं घर. आप्पा ट्रकच्या, जीपच्या सीटा शिवायचे. आई गोधड्या शिवायची. थोरली बहीण, अक्का, दोन्ही करायची आणि दोघांपेक्षा चांगलं करायची. मी शिक्षिकेची परीक्षा देऊन नेमणुकीची वाट बघत घरी बसले होते, म्हणजे राग धरायला माझ्याकडे भरपूर वेळ होता.

लहानपणी तापात अक्काचा डावा कान गेला. उजव्यानं तिला बोललेलं नीट ऐकू यायचं, फक्त बारीक आवाज लागायचे नाहीत. चिमण्यांची चिवचिव तिला माहीतच नव्हती. ओढ्यापलीकडच्या मोठ्या बागायतदारांच्या प्रतापरावांचं स्थळ तिला आलं तेव्हा आप्पांनी पहिल्याच बैठकीत हे सगळं सांगून टाकलं होतं. त्यावर प्रतापरावांच्या आई म्हणाल्या होत्या, "आमाला काय तिच्याकडून गानं बसवून घ्यायचं न्हाई. घर संबाळलं म्हंजी झालं." मी तिथंच, दाराशी उभी होते. हे वाक्य मी कधी विसरू दिलेलं नाही, ना स्वतःला ना दुसऱ्या कुणाला.

दिवाळीनंतर साखरपुडा झाला. त्यांनी साडी दिली, चांदीचे पैंजण दिले. पाहुणे गेल्यावर अक्कानं ते पायात घातले, ओसरीवर दोन पावलं चालली आणि मला विचारलं, "वाजत्यात का गं?"

"वाजतात की."

"छान वाजत्यात?"

"छान वाजतात," मी म्हटलं. ती पुन्हा दोन पावलं चालली आणि खाली पायांकडे बघत राहिली.

आता गाडी. नगरच्या छावणीतल्या एका लष्करी साहेबाची बदली झाली, त्याच्याकडून प्रतापरावांनी ती घेतलेली. विलायती, दोन माणसांची, टप उघडणारी, बुटकी. कधीकाळी तांबडी भडक असेल, आता विटकरी झाली होती. तिचा आवाज मात्र ट्रकला मागं टाकील असा. असल्या गाडीत बॉनेटच्या आतून आणि इंजिनामागच्या पत्र्यावर जाड नमदा चिकटवलेला असतो, घोड्याच्या खोगिराखाली घालतात तसला. इंजिनाचा आवाज आणि धग तो पिऊन टाकतो. यांचा नमदा तेल पिऊन पिऊन सुटला होता, मधोमध पोट काढून लोंबत होता, आणि गाडी तापली की जळक्या लोकरीचा वास यायचा. ऐटीत येणारा नवरदेव लांबूनच वासानं कळायचा.

साखरपुड्यानंतर एकदा तो पुण्याच्या एका मित्राला घेऊन दुकानापुढं आला. गाडी बंद केली नाही, कारण बंद केली की कधीकधी ढकलावी लागे. अक्का दारात उभी होती. त्यानं गाडीतूनच तिला काहीतरी विचारलं. तिला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. ती एक पाऊल पुढं आली, उजवा कान त्याच्याकडे केला. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा मित्र हसायला लागला. माझे दोन्ही कान शाबूत आहेत आणि मी तिच्या शेजारी उभी होते. त्यानं काय विचारलं ते मलाही आजवर कळलेलं नाही. त्या घरघरीत कुणालाच काही ऐकू आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात तो वडीलधाऱ्यांना घेऊन आला आणि आमच्याच सतरंजीवर बसून, आमचाच चहा पिऊन आप्पांना म्हणाला, "मुलीचे कान दाखवून घ्या नगरला. बहिऱ्या बाईला शेजारी बसवून मी काय जन्मभर हातवारे करू?"

मोडलं. महिन्याच्या आत नाशिककडच्या एका मोठ्या घरची मुलगी त्याला ठरली, तेव्हा खरं कारण गावाला कळलं. पण गावानं ते लक्षात ठेवलं नाही. गावानं 'बहिरी' हा शब्द लक्षात ठेवला. आधी विचारणा करून गेलेली दोन घरं होती, त्यांनी रस्ता बदलला. नळावर बायका अक्काशी मोठ्यानं बोलायला लागल्या, तोंडं वाकडी करून, एकेक अक्षर सुटं करून. प्रतापरावांचा कारभारी सखाराम येऊन साडी आणि पैंजण परत घेऊन गेला. बिचारा मान वर करत नव्हता.

अक्का रडली नाही. तिनं रडायला हवं होतं असं मला वाटायचं, म्हणजे मला तरी काहीतरी करता आलं असतं. ती सकाळी मशीनवर बसायची आणि संध्याकाळी उठायची. पैंजण घेऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ओसरी झाडताना मला उंबऱ्याच्या खाचेत एक घुंगरू सापडलं, सुटून पडलेलं. मी ते प्रवरेत फेकायला निघाले होते. अक्कानं माझा हात धरला. घुंगरू काढून घेतलं, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं आणि पुन्हा मशीनवर बसली.

लोक म्हणतात वयाबरोबर राग निवतो. माझा निवला नाही, लोणच्यासारखा मुरला. देवाला हात जोडताना मी सगळ्यांचं भलं माग म्हणून मनाला बजावते आणि सगळ्यांत तो एक माणूस धरत नाही. शाळेत तीस वर्षं मुलांना क्षमेच्या गोष्टी शिकवल्या. चांगल्या शिकवल्या. क्षमा ज्याला मागावीशी वाटते त्याला ती द्यायची असते, आणि त्यानं तर कधी मागितलीच नाही.

संक्रांतीच्या सुमारास एके दुपारी सखाराम ती गाडी घेऊन आमच्याच दारात आला. त्या पट्ट्यात गाडीच्या आतलं शिवणकाम करणारं दुसरं दुकान नव्हतं. आईनं त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. तो खाली बघत म्हणाला, "आतला नमदा बदलायचा हाय. नाशिकच्या पावन्यांनी सांगितलंय, गाडीत बसल्यावर एकमेकाचं बोललेलं ऐकू येत न्हाई म्हने. लग्नाच्या आत पायजे."

मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं.

"आप्पा, या गाडीला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"गाडीनं काय केलंय?"

"मग मालकानं केलंय ना."

"मालक शिवायला न्हाई आलेला, गाडी आलीय," आप्पा म्हणाले आणि बॉनेटचा खटका शोधायला लागले. त्या वेळी मला आप्पांचाही राग आला. दारात आलेलं काम परत पाठवायचं नाही, हा त्यांचा धर्म होता. आणि धर्म पाळणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

जुना नमदा निघाला तो चिंध्याचिंध्यांनी. काळा, चिकट, हाताला लागला की दोन दिवस वास जात नसे. आप्पांनी रॉकेलच्या बोळ्यानं आणि बोथट सुरीनं पत्रा खरवडून स्वच्छ केला. अक्कानं जुन्या वर्तमानपत्रांचे कागद जोडून, दाबून दाबून पत्र्याचं माप काढलं. कुठं खाच, कुठं वळण, कुठं नळी जाते. नवा नमदा मिळायला पुण्यामुंबईला जावं लागलं असतं. आप्पांनी धनगराकडून दोन जाड काळ्या घोंगड्या आणल्या. लोकर पटकन पेट घेत नाही आणि आवाज गिळते. दोन थर घोंगडीचे, इंजिनाकडच्या बाजूला जाड कॅनव्हास, आणि सगळं मिळून गोधडीसारखं टाक्यांनी भरायचं, म्हणजे पुन्हा पोट सुटायचं नाही. काठाला भोकं पाडून तारेनं आवळायचं, पाठीला रबराचं सोल्युशन.

माझा बेत वेगळा होता. घोंगडीला कडकपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ देतात. ती खळ उंदरांना फार आवडते. ऊस तुटला की शेतातले उंदीर वाट फुटेल तिकडे पळतात आणि प्रतापरावांची वस्ती तर चारी बाजूंनी उसात. मी अक्काला म्हटलं, सोल्युशनऐवजी खळ वापरू. भरपूर. आत बाळंतपणं होतील उंदरांची, वायरी कुरतडतील, वरातीत गाडी बंद पडेल.

अक्कानं मेण लावलेला दोरा दातांनी तोडला. "आन मग म्हनतील, बहिरीनं शिवलेलं उंदरानं खाल्लं."

"मग काय करायचं? चांगलं शिवून द्यायचं?"

"चांगलं न्हाई," ती म्हणाली. "लई चांगलं."

आणि तिनं तसंच शिवलं. तसं काम मी नंतर पाहिलं नाही. काळ्या लोकरीवर काळ्याच दोऱ्याचे बारीक टाके, कडेपासून सुरू करून आत आत जाणारे चौकोन, कुठं म्हणून गाठ दिसायची नाही. मला तिचा संताप आला. त्या माणसासाठी डोळे फोडतेय असं वाटलं. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

आमच्याकडे गोधडीचं पोट रिकामं ठेवत नाहीत. शिवत शिवत मधे पोचलं की शेवटचा तुकडा बंद करायच्या आधी आई त्यात काहीतरी ठेवायची. जोंधळ्याचे चार दाणे, भाकरीचा तुकडा, कधी हळकुंड. गोधडी पांघरणाऱ्याला उपाशी ठेवत नाही म्हणे. आईच्या हातची एकही गोधडी कधी रिकाम्या पोटी घराबाहेर गेली नाही, मग ती सोयऱ्याची असो की परक्याची.

इंजिनामागच्या पत्र्यावरचा तुकडा, म्हणजे ज्याच्या पलीकडे गाडी चालवणाऱ्याचे पाय येतात तो, शेवटी उरला होता. मधला चौकोन बंद करायचा होता. अक्का उठली, आईच्या पानाच्या चंचीतली चुन्याची पितळी डबी काढली, धुऊन पुसून झाकण वेगळं केलं. मग पदराची गाठ सोडली. घुंगरू डबीत टाकलं, लोकर कातरून डबीपुरती जागा केली, उघडं तोंड पत्र्याच्या बाजूला ठेवलं आणि वरून टाके घालत गेली. मी समोर बसले होते. इतके दिवस माझ्या मनात साचलेलं काहीतरी पहिल्यांदा सैल झालं.

"त्यांचं हुतं," अक्का म्हणाली. "त्यांच्याकडं गेलेलं बरं."

संध्याकाळी आई चंची उलटीपालटी करत होती. "माजी डबी कुनी घेतली गं?" अक्का मशीन पुसत राहिली. मी दिव्याची काच पुसायला घेतली. आईनं एकदा अक्काकडे बघितलं, एकदा अंगणातल्या गाडीकडे, आणि चुना करवंटीत कालवून घेतला. पुढं ती मरेपर्यंत करवंटीतलाच चुना खात होती, नवी डबी तिनं घेतली नाही.

गाडी न्यायला सखाराम आला. किल्ली फिरवली, थांबला, पुन्हा फिरवायला लागला. "बंद पडली का काय?" आप्पा म्हणाले, "चालू हाय. हात लावून बघ." त्यानं बॉनेटवर तळवा ठेवला आणि तोंडात बोट घालायचा तेवढा बाकी राहिला. जाताना गाडी रस्त्याला लागेपर्यंत आम्हाला फक्त चाकांखालची खडी ऐकू आली.

त्यानंतरचं जे कळलं ते सखारामच्याच तोंडून, तो ट्रॅक्टरच्या सीटसाठी, दाराच्या पडद्यासाठी यायचा तेव्हा. पहिले काही दिवस मालक खूश होते. मग रस्त्याच्या धक्क्यांनी नवी लोकर दबली असावी, डबीतलं घुंगरू मोकळं हलायला लागलं आणि त्यांना गाडीपुढं बैलगाडी ऐकू यायला लागली. वळण आलं की ब्रेक दाबायचे, हॉर्न वाजवायचे, वळणापलीकडे मोकळा रस्ता. हंगामच होता, खऱ्या गाड्याही असायच्या, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. घोंगडीनं इंजिनाची घरघर गिळली होती. पूर्वीच्या त्या आवाजात असली शंभर घुंगरं बुडून गेली असती. आता शांततेत एकच पुरेसं होतं.

मी रोज रात्री झोपताना ते वळण डोळ्यांपुढं आणायची. चालवणारा तो, शेजारी नवी नवरी, रस्ता रिकामा आणि छन् छन्. गोड झोप लागायची मला. हे लिहिताना लाज वाटावी असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं आमच्या नळावर येऊन त्या बायकांची वाकडी तोंडं बघायला हवी होती.

मग हंगाम संपला. बैलगाड्या गेल्या, गाव मुकं झालं. त्यांच्या गाडीतला बैल मात्र चालतच राहिला. तेव्हा ते घाबरले. सखाराम सांगायचा, सायलेन्सर बदलला, नगरच्या मिस्त्रीनं सगळे बोल्ट आवळले, चाकं काढून बघितली. गॅरेजच्या ठोकाठोकीत मिस्त्रीला ते ऐकू आलं नाही, आणि वस्तीवर 'मलाही येतंय' म्हणायला कुणी धजलं नाही. नमद्याला कुणी हात लावला नाही. तो एवढा सुबक, एवढा घट्ट बसलेला, की उलट मिस्त्री म्हणाला, हे काम कुणाचं आहे.

चैत्र संपता संपता प्रतापराव स्वतः आमच्या अंगणात आले. तो दिवस मी रोज काढून बघते तरी विटत नाही. ऊन मी म्हणत होतं. गाडी चालू ठेवून ते खाली उतरले. गाल बसले होते, डोळ्याखाली काळं.

"तुम्ही काम केल्यापासून आत काहीतरी वाजतंय," ते आप्पांना म्हणाले.

आप्पा गाडीशी वाकले. डोकं आत घातलं, पायाच्या जागेपर्यंत. मला ओसरीवरून ऐकू येत होतं, स्पष्ट, पैंजण घालून कुणी लहान पोर घरात हिंडावी तसं. आप्पांचा हात इंजिनामागच्या त्या तुकड्यावर गेला आणि तिथं थांबला. आप्पांनी उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला खोटं सांगितलेलं मला माहीत नाही. ते सावकाश सरळ झाले. अक्काकडे बघितलं. ती दारात उभी होती, तो मित्र हसला त्या दिवशी उभी होती तशीच.

"मला तर काय ऐकू येत न्हाई," आप्पा म्हणाले.

प्रतापरावांनी आईकडे बघितलं. आई पान लावत होती. "न्हाई बा," ती म्हणाली. मग माझ्याकडे. मी म्हटलं, "कसला आवाज?" आणि शक्य तितका भोळा चेहरा केला. मग त्यांना दुसरं कुणी उरलं नाही. साखरपुडा मोडल्यापासून त्यांनी अक्काकडे नजर वर करून बघितलं नव्हतं, ते आता बघितलं. "तुला?" ते म्हणाले. "तुला तरी येतंय का?"

अक्का पायऱ्या उतरली. गाडीजवळ गेली, उजवा कान बॉनेटवर टेकवला आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच राहिली. ती एकटीच आमच्यात खरं बोलणार होती, कारण तिला ते खरोखरच ऐकू येत नव्हतं.

मग ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे बघून, एकेक अक्षर सुटं करून, मोठ्यानं म्हणाली, "न्हाई. नगरला जाऊन तुमी कान दाखवून घ्या."

तो गेला, कान दाखवायला. खरोखर गेला. सखारामनंच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. त्यानंतर तो त्या गाडीत बसला नाही. दुष्काळात ती वस्तीवरच्या गोठ्यात उभी होती, आणि पुढं भंगारात गेली की कुठं, मला ठाऊक नाही.

त्या दुपारी गाडी नजरेआड झाल्यावर अक्का माझ्याजवळ येऊन बसली होती. तिच्या गालाला बॉनेटची धूळ लागली होती. तिनं हळूच विचारलं, "वाजत हुतं का गं?"

काल चादरीवरची काजळी दाखवायला मी ती चादर घेऊन तिच्या खोलीत गेले. दोघी आता एकाच घरात राहतो. दोन्ही कान गेलेत तिचे, माझ्या नातवानं आणलेलं कानाचं यंत्र उशीखाली पडून असतं. तिनं काळा ठिपका बघितला, माझ्याकडे बघितलं आणि दर हंगामाला विचारते तेच विचारलं. मी तिच्या तळहातावर बोटानं वाजवून दाखवलं. छन्, छन्. आणि म्हटलं, "लई छान वाजत हुतं, अक्का."